आई नेमकी कुठे रडली होती?

नमस्कार ताई,

पुढच्या महिन्यात माझ्या आईला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होतायत. आम्ही भावंडांनी गावातला छोटा हॉल घेतलाय. जेवणं झाली की पडद्यावर तिचा आवडता सिनेमा लावायचा, अशी कल्पना निघाली. आवडता म्हणजे 'माहेरची साडी'. १९९१ साली आमच्या गल्लीतल्या बायका टेम्पो ठरवून तालुक्याला तो बघायला गेल्या होत्या. आई तीनदा गेली. मी तेव्हा बारा वर्षांची. दोनदा तिच्याबरोबर होते आणि हमसून हमसून रडले होते.

गेल्या आठवड्यात पुतणीला दाखवावा म्हणून मोबाइलवर लावला. पंधरा मिनिटांत ती हसायला लागली. "आत्या, आजी त्या काळात मॅट्रिक झालेली, आणि हे बघून रडली?" मला राग आला. पण खरं सांगते, रात्री मी एकटीने तो पूर्ण बघितला तर मलाही रडू आलं नाही. दोनदा तर मी पुढे सरकवला. भाऊ म्हणतो, "विषाची परीक्षा कशाला? बनवाबनवी लाव, तो कधी जुना होत नाही." आईला यातलं काही माहीत नाही, तिला सरप्राइज द्यायचंय. वहिनीने आणखी एक सुचवलं. मामा दर दिवाळीला आईला साडी पाठवतात, ती घडीही न मोडता कपाटात ठेवते. त्यातलीच एक त्या दिवशी नेसायला सांगू म्हणाली.

तो सिनेमा खरंच एवढा वाईट होता का? की आमचीच मनं कोरडी झाली? आणि लावू की नको?

– एक लेक, विटा

*

ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण हॉलवाल्याला प्रोजेक्टरचं सांगायचं असेल. जेवणानंतर, पाहुण्यांसमोर, 'माहेरची साडी' लावू नका. 'अशी ही बनवाबनवी'सुद्धा लावू नका. दोन्हींची कारणं वेगळी आहेत, सांगते.

सिनेमा वाईट होता का? भडक होता. आणि हे लोक १९९१ मध्येही म्हणत होतेच. नाटकं-बिटकं बघणारी, दिवाळी अंक विकत घेणारी माणसं तेव्हाही नाक मुरडत होती. 'रडका' हा शब्द त्या सिनेमाला जन्मापासून चिकटलाय, तुमच्या पुतणीने काही नवा शोध लावलेला नाही. आईच्या मरणाला कारण म्हणून जन्मतःच अपशकुनी ठरलेली लेक, तिचं तोंड न बघणारा बाप, जीव लावणारा भाऊ, छळणारी सासू. विक्रम गोखले, अजिंक्य देव, उषा नाडकर्णी, आणि या सगळ्यांच्या मधोमध अलका कुबल. माणसं एक तर देवासारखी, नाहीतर राक्षसासारखी. मधल्या रंगाचं त्यात कुणी नाही. विजय कोंडक्यांना सिनेमा असाच करायचा होता आणि त्यांनी तो कसलीही लाज न बाळगता केला.

तेव्हा मी चौदा वर्षांची होते. आमच्या तालुक्याचं थेटर पत्र्याचं, दुपारी खास बायकांचा खेळ. मला थोरली आत्या घेऊन गेली. सासू पडद्यावर आली की सगळ्या थेटरात बोटं मोडल्याचे आवाज. माझ्या शेजारची बाई तर पडद्याकडे बघून नावानिशी शिव्या देत होती, पण नाव सिनेमातल्या सासूचं नव्हतं! नायिका मरते तिथे तर थेटर नुसतं हंबरत होतं. आत्या मात्र तिथे रडली नाही. ती रडली होती कितीतरी आधी, बहीण सासरी निघते त्या गाण्याला. आणि ते रडणं सिनेमासारखं नव्हतं. पदर तोंडात कोंबून, आवाज न करता, आजूबाजूला कुणाला कळू नये असं.

मला तेव्हा वाटलं, हिला गोष्ट कळली नाही, रडायची जागा चुकली. पुढे कधीतरी आईकडून कळलं की त्याआधी दोन वर्षं पंचमीला आत्याला आणायला आमच्याकडून मुराळी गेला नव्हता. कशावरून तरी बिनसलं होतं, बहुधा विहिरीच्या पाण्यावरून. तो न गेलेला भाऊ म्हणजे माझे वडील. म्हणजे त्या अंधारात ती माझ्या शेजारी बसून माझ्याच बापासाठी रडत होती, आणि मी तिच्या पिशवीतले फुटाणे खात होते.

हे सांगायचं कारण असं, की तुम्ही पत्रात आईच्या रडण्याबद्दल लिहिलंय, पण ती कुठे रडायची ते लिहिलेलं नाही. तुम्हाला आठवतंय का?

आता थोडं त्या काळाबद्दल. तुमच्या पुतणीला ते माहीत असायचं कारण नाही. सासरच्या छळाबद्दलचं ४९८-अ कलम आलं १९८३ मध्ये. हुंडाबळीचं ३०४-ब आलं १९८६ मध्ये. कायदे असे उगाच येत नाहीत. ऐंशीच्या दशकातला पेपर उघडला की आतल्या पानावर 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' ही दोन ओळींची बातमी असायचीच, आणि वाचणाऱ्या प्रत्येकीला त्या भडक्याचा अर्थ कळायचा. स्त्रीमुक्तीवाल्या बायका १९८३ पासून ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' घेऊन गावोगाव फिरत होत्या, त्याच प्रश्नावर. त्यांचं सांगणं होतं, उभी राहा. 'माहेरची साडी'चं सांगणं होतं, सोस. टेम्पो भरून बायका गेल्या त्या सोस म्हणणाऱ्याकडे. मला याचं वाईट वाटतं, पण नवल वाटत नाही. उभं राहायला दुसरीकडे जागा लागते. आणि ती जागा म्हणजे माहेर. तिथे काय होतं?

साडी होती. ताई, हे लक्षात घ्या. १९९१ साली लग्न झालेल्या लेकीचा वडिलोपार्जित जमिनीत मुलासारखा जन्मजात हक्क नव्हता. महाराष्ट्राने कायदा बदलला १९९४ मध्ये, तोही त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. देशभरचा कायदा बदलायला २००५ उजाडलं. म्हणजे तो सिनेमा बघायला बसलेल्या त्या थेटरभर बायकांना माहेराकडून मिळणारी गोष्ट खरोखरच साडी होती, बाकी काही नाही. आज कायदा आहे, तर बहिणी हक्कसोडपत्रावर सही करायला निबंधकाच्या कचेरीत जातात आणि येताना साडी घेऊन येतात. नाव फक्त बदललंय, आता तिला 'मानाची' म्हणतात. तुमची पुतणी हुशार दिसते. तिला विचारा, यात हसण्यासारखं नेमकं काय आहे.

पण तिच्या हसण्यावर रागावू नका. ती जे बघत होती ते सिनेमा नव्हताच. मोबाइलच्या काचेवर पंधरा मिनिटं 'माहेरची साडी' बघणं म्हणजे दुसऱ्याच्या घरातलं भांडण खिडकीतून बघण्यासारखं. हसूच येणार. हसण्याचा सिनेमा तुकड्यातुकड्यांनी चालतो, कुठूनही सुरू करा. रडण्याच्या सिनेमाला चढ लागतो. दोन-अडीच तास अंधार, बाहेर जायची सोय नाही, शेजारणीचा हुंदका ऐकू येतोय, आणि तीन आठवडे गल्लीत त्याचीच चर्चा झालेली. एवढं सगळं मिळून ते रडू यायचं. तुम्ही ते रात्री एकटीने, कानात वायर घालून, मधेच पुढे सरकवून शोधत होतात. तुमचं मन कोरडं झालेलं नाही. तुमच्याजवळ टेम्पो नव्हता.

आणि ती टेम्पोची हौस कुठे गेलेली नाही. जून २०२३ अखेर 'बाईपण भारी देवा' आला, तेव्हा सोसायट्यांमधून, भिशी मंडळांतून बायका साड्या नेसून, गॉगल लावून, घोळक्याने गेल्याच की. फरक एवढाच की या वेळी नायिका सहा होत्या आणि कुणाला मरावं लागलं नाही. बत्तीस वर्षांत एवढी प्रगती झाली. थोडी आहे, पण आहे. तोही सिनेमा तीस वर्षांनी कुणाची तरी नात मोबाइलवर लावील आणि विचारील, यात एवढं काय होतं?

आता तुमच्या भावाचं म्हणणं. बनवाबनवी कधी जुना होत नाही, हे जवळजवळ खरं आहे. पण का, ते बघण्यासारखं आहे. गोष्ट बनवाबनवीवाल्यांची स्वतःची नव्हती. हृषीकेश मुखर्जींनी १९६६ मध्ये 'बीवी और मकान' केला होता. भाड्याच्या खोलीसाठी पुरुषांनी बायकांची सोंगं घ्यायची, हेच. तो आज कितीजणांना आठवतो? आणि १९८८ चा मराठी सिनेमा पोरांना पाठ आहे. म्हणजे गोष्टीत ते नव्हतं. ते होतं वसंत सबनिसांच्या लेखणीत, ज्या माणसाने आधी लोकनाट्य लिहिलं होतं आणि वाक्य कुठे तोडलं की माणूस हसतो हे ज्याला बोटांना ठाऊक होतं. आणि ते होतं अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सुधीर जोशी यांच्या थांबण्यात. बोलण्यापेक्षा थांबण्यात. 'धनंजय माने इथेच राहतात का?' या वाक्यात विनोद कुठे आहे, सांगा बरं? पत्ता विचारणारं साधं वाक्य आहे. तरी कुणी म्हटलं की सगळी बैठक हसते.

गंमत बघा, 'माहेरची साडी'चंही तेच. ती गोष्ट राजस्थानीतून आली, 'बाई चाली सासरिये' नावाच्या सिनेमातून. पुढे १९९४ मध्ये हिंदीतही झाली, जुही चावला, ऋषी कपूर एवढी मोठी नावं घेऊन. 'साजन का घर' तुमच्या गल्लीतल्या कुणाला आठवत असेल तर मला जरूर कळवा. एकच गोष्ट, एकच रडणं, पण आपल्याकडे जे रुजलं ते तिकडे रुजलं नाही. अलका कुबल दिसायला शेजारच्या घरातल्या होत्या, आणि तेच त्यांचं बळ होतं. जुही चावला कुणाच्या शेजारी राहणार?

बनवाबनवी आणखी एका कारणाने टिकलाय, आणि ते फारसं कौतुकाचं नाही. पुण्यात एकट्या पोरांना आजही खोली मिळत नाही. माझा भाचा गेल्या वर्षी नोकरीसाठी गेला, तर तीन ठिकाणी 'फॅमिलीलाच देतो' ऐकून आला. चौथ्या ठिकाणी आडनाव विचारलं. बनवाबनवीतल्या घरमालकीण लीलाबाई काळभोर निदान तेवढं तरी करत नव्हत्या. उलट त्या सिनेमातलं जे जुनं झालंय, ते म्हणजे पुरुषाने लुगडं नेसलं की हसायचंच, हा हिशोब. तुमच्या पुतणीच्या वयाच्या सगळ्यांना तो पटत नाही. तिला त्यावरही विचारून बघा, भावासमोर. 'कधी जुना होत नाही' म्हणणाऱ्याचा चेहरा बघायला मजा येईल.

जे थेटरातून घरी नेता येतं ते राहतं, असं मला हल्ली वाटतं. 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ ला लागला तेव्हा पहिल्या दिवसांत त्याला पडेल म्हणून मोकळे झाले होते. पुढे तो मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं चालला. फिल्मफेअरने त्याला एकच बक्षीस दिलं, संकलनाचं, ते मिळालं आपल्या एम. एस. शिंद्यांना. (हे मी कुठेही सांगते, विषय असो नसो.) त्याच्या गाण्यांपेक्षा संवादांच्या तबकड्यांचं कौतुक जास्त झालं. लोकांनी सिनेमा तोंडात धरून घरी नेला. त्याच वर्षीच्या 'जय संतोषी माँ'ला लोक चपला बाहेर काढून बसत होते, पडद्यावर नाणी टाकत होते. तो सोहळा थेटरात झाला आणि थेटरातच संपला. आज तो कुणी मुद्दाम लावून बसत नाही. पण त्या भरल्या डोळ्यांच्या बायका खोट्या होत्या असं मी म्हणणार नाही.

घरी काय नेतो, यात लोक मोठे लबाड असतात हेही खरं. 'सैराट' २०१६ चा, अजून फार जुना झालेला नाही. शंभर कोटींच्या पुढे गेलेला पहिला मराठी सिनेमा. शेवटी आवाज काढून घेतलेला तो प्रसंग, ते लेकरू, ती पावलं. थेटरातून बाहेर पडताना मी कुणालाही बोलताना ऐकलं नव्हतं. आणि घरी काय नेलं लोकांनी? झिंगाट. आज जातीतच, पत्रिका बघून, देणंघेणं ठरवून झालेल्या लग्नाच्या वरातीत झिंगाटवर नवरदेवाचा काका नाचतो, आणि गाणं कुठल्या सिनेमातलं, त्यातल्या पोरापोरीचं पुढे काय झालं, याची आठवण कुणालाही होत नाही. त्यापेक्षा तुमची आई बरी. तिने निदान रडणं तरी घरी नेलं.

तर आता कार्यक्रमाचं.

पहिलं म्हणजे सरप्राइज रद्द करा. सगळ्या पत्रात मला एकच गोष्ट सापडली नाही, ती म्हणजे आईला काय हवंय. १९९१ साली तीनदा बघितलेला सिनेमा आज सगळ्या सोयऱ्यांसमोर बघायची तिची इच्छा आहे, हे तुम्ही कशावरून धरलंत? बाईला कुठे रडायचं ते निवडता आलं पाहिजे. तेव्हा तिने अंधार निवडला होता, ट्यूबलाइटचा हॉल नव्हे. भरल्या पोटी, मुलं इकडेतिकडे पळतायत, कुणी पान लावतंय, आणि पडद्यावर लेक मरतेय. निम्मे हसतील, निम्मे उठून गाड्यांकडे जातील. आई मध्यभागी शाल पांघरून बसलेली असेल आणि तिला दोन्ही दिसेल. बनवाबनवी लावलात तर लोक हसतील, पण तो भावाचा सिनेमा होईल, आईचा नाही. त्यापेक्षा माईक द्या आणि ओव्या म्हणायला लावा कुणाला तरी. पंचाहत्तरीच्या बायकांना दळणाच्या चार ओव्या तरी येत असतील, आणि त्यात भावावरच्या हमखास असतात.

'माहेरची साडी' कार्यक्रमाच्या आदल्या रात्री घरी लावा. मोठ्या टीव्हीवर, दिवा बंद करून. आई, तुम्ही, पुतणी, आणि वहिनी यायची असेल तर वहिनी. रिमोट आईच्या हातात. ती म्हणेल तिथे थांबवायचं, ती म्हणेल तिथून पुढे न्यायचं. ती कंटाळली तर बंद. तसंही होईल कदाचित. म्हणेल, काय गं हे रडगाणं, माझी मालिका लाव. तसं झालं तर तेही मनावर घेऊ नका. आवडता सिनेमा म्हणून आपण आईबापांना एका सालात खिळवून ठेवतो आणि ते केव्हाच पुढे निघून गेलेले असतात.

पुतणीला आधी दोन गोष्टी सांगून ठेवा. एक, हसू आलं तर हसायचं, दाबून ठेवायचं नाही. आजीला ते खोटं तोंड लगेच कळेल. दोन, सिनेमा कसा आहे हे विचारायचं नाही. विचारायचं असेल तर हे विचारायचं: टेम्पोत कोण कोण होतं? भाडं कुणी दिलं? आजोबांना काय सांगून निघालात? येताना उशीर झाला तेव्हा भाकऱ्या कुणी केल्या? एकदा बघून झाल्यावर दुसऱ्यांदा कशाला गेलात? आणि तिसऱ्यांदा? माझा अंदाज आहे की तिसऱ्या वेळेचं उत्तर सिनेमापेक्षा मोठं असेल. मी तिच्या जागी असते तर मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवलं असतं, आजीला सांगूनच.

तुमचा प्रश्न राहिला, तुम्हाला रडू का आलं नाही हा. बारा वर्षांची होतात तेव्हा तुम्ही पडद्याकडे बघून रडत नव्हतात, आईकडे बघून रडत होतात. मोबाइलवर आई नव्हती.

वहिनीच्या सूचनेबद्दल मात्र जरा सबुरीने घ्या. दर दिवाळीला आलेली साडी घडी न मोडता ठेवणारी बाई साडी जपत असेल, किंवा दुसरंच काही करत असेल. कपाट उघडून त्यातलीच नेस असं तिला चारचौघांत सांगू नका. मामांबरोबर शेतीच्या वाटणीचं काय झालं, सही झाली की राहिली, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि मी विचारत नाही. पण कार्यक्रमाच्या याद्या झाल्याच असतील. मामांना बोलावणं गेलंय का, आणि ते द्यायला कोण गेलं होतं, तेवढं कळवा.